पाटी कोणाची?

१

संपादकांनी मागितला होता तो लेख हा नव्हे. ‘मराठी कादंबरीतली शाळा’ या विषयावर मी काही लिहावे अशी त्यांची इच्छा होती. आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या शिक्षिकेकडून तशी अपेक्षा करणे रास्तही होते. त्या लेखाची टिपणे मी काढली होती. पण टिपणांच्या वहीत मागच्या बाजूने दुसरेच काही लिहिले जाऊ लागले, आणि पाहता पाहता ते पहिल्याला खाऊन बसले. वाचकांनी आणि संपादकांनी क्षमा करावी.

मी परीक्षण करणार आहे ते एका लेखनसाहित्याचे. मुलांना संगणकाची भाषा शिकवण्यासाठी ब्राउझरमध्येच उघडणारी जी पाने निघाली आहेत, त्यांचे. एका बाजूला लिहावे, बटण दाबावे, दुसऱ्या बाजूला लिहिलेले चालू लागावे, असा त्यांचा सर्वसाधारण घाट. असल्या यांत्रिक विषयावर टीकालेख कसला, असे कोणी म्हणेल. मला असे वाटते की, जिथे मूल बसून काही रचते, रचलेले पुसते आणि पुन्हा रचते, तिथे लेखन चालू असते. आणि जिथे लेखन चालते तिथे टीकेला मज्जाव नाही. बोरू, दौत आणि पाटी यांनी आपल्या अक्षराला वळण लावले. या नव्या पाटीने मुलांच्या विचाराला कोणते वळण लागते, हे कोणी तरी पाहिले पाहिजे.

माझा अधिकार काय तेही सांगून टाकते. मी दहावी झाले. आमच्या घरच्या जुन्या बोलीत मॅट्रिक. पुढे कॉलेज घडले नाही. कोपरमधल्या एका खाजगी शाळेत आधी ग्रंथालयाची कपाटे सांभाळायला लागले, मग शुद्धलेखनाचे तास आले, मग मराठीचे. संगणकाचा तास माझा कधीच नव्हता. तो बंद करण्यात मात्र माझा हात होता.

त्याची हकीकत अशी. शनिवारी शेवटचा तास एक तरुण शिक्षक हौसेने संगणकाला देत असत. दोन वर्षांपूर्वी तो चालू ठेवावा की शिष्यवृत्तीच्या तयारीला द्यावा, असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत निघाला. मी उठून बोलले. ही परक्या भाषेतली नवी घोकंपट्टी आहे, मुलांना आधी चार वाक्ये मराठीत धड लिहू द्या, असे काहीसे मी म्हणाले. बोलणे चांगले वठले. माना हलल्या, तास गेला. मी कादंबरीकाराच्या तोऱ्यात बोलले होते, आणि ज्याविषयी बोलले त्यातले एकही पान मी उघडून पाहिले नव्हते. पुस्तक न वाचता अभिप्राय देणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. त्या दिवशी मी त्यांच्यातलीच एक झाले.

यंदाच्या मार्च महिन्यात तोच विषय दुसऱ्या रूपाने संस्थेपुढे आला. एका कंपनीचा तयार अभ्यासक्रम दर विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम भरून घ्यावा की काय, याविषयी शिक्षकांची लेखी मते मागवण्यात आली. या खेपेला मी आधी वाचायचे ठरवले.

२

ज्यांनी ही पाने पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

पूर्वी संगणकाची भाषा शिकायची तर ती यंत्रावर आधी बसवावी लागे. टर्बो सी नावाची निळी पाटी आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत वर्षानुवर्षे ठाण मांडून होती. ती ज्या यंत्रावर होती त्याच यंत्रावर लिहायचे. तास संपला, खोलीला कुलूप लागले, की लेखनही संपले. ब्राउझरने हे कुलूप काढले. ब्राउझर सगळ्यांकडे आधीच असतो. कोपरच्या चाळीतल्या पोरांकडे संगणक नसला तरी बापाच्या खिशातल्या फोनवर तो असतोच. पाटी शोधत जायला नको, पाटी हातातच आहे, हा फरक लहान नाही.

या पानांचे दोन प्रकार आहेत. पहिला खानावळीचा. मुलाने लिहिलेले दूरच्या एखाद्या मोठ्या यंत्राकडे जाते, तिथे शिजते, आणि तयार ताट परत येते. आपल्या शेजारच्या पवईचे उदाहरण घ्या. आय. आय. टी. मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने साइलॅब ही गणिताची मुक्त प्रणाली ब्राउझरमधून वापरता येईल अशी सोय केली आहे. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे देशभरच्या विद्यार्थ्यांनी साइलॅबमध्ये लिहून काढली, आणि ती कोणालाही आपल्या यंत्रावर काहीही न बसवता उघडता येतात, आकडे बदलून चालवून पाहता येतात. गाइडात छापलेले उत्तर हलत नाही. हे उत्तर हलवून पाहता येते.

दुसरा प्रकार घरच्या चुलीचा. ब्राउझरला स्वतःची एक भाषा आहे, जावास्क्रिप्ट. १९९५ साली ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थाने ती अवघ्या दहा दिवसांत उभी केली. २०१७ पर्यंत प्रमुख ब्राउझरांत वेबअसेंब्ली नावाची सोय आली, आणि दुसऱ्या भाषाही ब्राउझरच्या पोटात नेऊन बसवता येऊ लागल्या. मोझिलामध्ये २०१८ साली सुरू झालेल्या पायोडाइड या प्रकल्पाने पायथन ही भाषा अशीच आत आणली. सुरुवातीला थोडा शिधा उतरवून घ्यावा लागतो. त्यानंतर स्वयंपाक मुलाच्या हातातल्या फोनवरच होतो, आणि त्याने काय रांधले ते बाहेर कोणाला कळवण्याची गरज राहत नाही.

चूल कोणाची, हा प्रश्न पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

३

आता प्रत्यक्ष कृतींकडे वळू. पहिला मान अर्थात ‘स्क्रॅच’चा.

स्क्रॅचचे कूळ मोठे आहे. १९६७ मध्ये सीमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फर्झाइग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची भाषा केली. कासवाला ‘पन्नास पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ’ असे चार वेळा सांगितले की चौकोन उमटतो, ही तिची ख्याती. पॅपर्टने जिनिव्हात झाँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षे काम केले होते. मुलाने यंत्राला शिकवावे, यंत्राने मुलाला नव्हे, असा त्याचा आग्रह होता. १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्याने तो मांडला. त्याच परंपरेतल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने एम. आय. टी.मध्ये स्क्रॅच तयार केले. ते २००७ मध्ये लोकांपुढे आले, २०१३ मध्ये ब्राउझरमध्ये आले, आणि २०१९ च्या जानेवारीत त्याला आजचे रूप मिळाले.

त्याचा घाट साधा आहे. चारशे ऐंशी बाय तीनशे साठ मापाचा एक रंगमंच. मध्यभागी एक मांजर. बाजूला रंगीत ठोकळे. प्रत्येक ठोकळ्यावर एक आज्ञा. ठोकळे ओढून एकाखाली एक अडकवायचे आणि हिरवे निशाण दाबायचे. जो ठोकळा जिथे बसू नये तिथे तो बसतच नाही. त्याची खाचच तशी कापलेली असते. त्यामुळे व्याकरणाची चूक करायची म्हटली तरी करता येत नाही.

मी पहिल्यांदा हे पान उघडले तेव्हा, खरे सांगते, दोन तास गेले कळले नाही. मांजराला मी रंगमंचावरून चालवत नेले, काठावर आल्यावर परत फिरवले, आणि त्याच्या तोंडी एक वाक्य घातले. कादंबरीतले पात्र पहिल्यांदा आपल्या इच्छेबाहेरचे काही बोलते तेव्हा जसे वाटते, तसे काही मला वाटले असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण त्या जातीचे काही तरी वाटले खरे. आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटला. दुसऱ्या मुलाने केलेली कृती उघडावी, तिचे ठोकळे कसे लावले आहेत ते पाहावे, त्यात बदल करून आपली नवी कृती करावी, आणि मूळ कोणाची याची नोंद आपोआप राहावी, अशी तिथे रीत आहे. आपल्या कीर्तनकारांनी आख्याने अशीच एकमेकांपासून घेतली आणि वाढवली.

मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र मला पुरते उमगले आहे असा माझा दावा नाही. पण लयीचे जे तीन नियम त्यांनी सांगितले, संवाद, विरोध आणि समतोल, ते मला या ठिकाणी राहून राहून आठवले. स्क्रॅचमध्ये संवाद पुष्कळ आहे. हात, डोळा आणि आज्ञा एकमेकांशी सुरात बोलतात. विरोध मात्र नाही. माध्यम अडत नाही, रुसत नाही, तुमचा शब्द तुमच्या तोंडावर परत फेकत नाही. कलावंताला माध्यमाशी झगडावे लागते तेव्हाच त्याला स्वतःला काय म्हणायचे आहे ते कळते. मांजर हवे तिकडे न जाता भलतीकडे जाते, एवढा अर्थाचा विरोध स्क्रॅचमध्ये आहे, आणि तो उपयोगाचाही आहे. पण शब्दाचा विरोध नाही. पाचवीतल्या मुलाला याहून जास्त विरोध नको, हे मला मान्य. आठवीतल्या मुलाला तो न देणे हा मात्र त्याचा अपमान होय.

व्यवहारातली एक उणीवही सांगितली पाहिजे. हे संपादन संगणकावर किंवा टॅबलेटवर चालते. फोनवर केलेली कृती पाहता येते, पण ती रचण्याजोगी सोय नाही. आमच्याकडे चूल पेटते ती फोनवरच.

४

दुसऱ्या प्रकाराविषयी मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण त्यात थोडकेच आहे.

संस्थेपुढे आलेला तयार अभ्यासक्रम या प्रकारातला होता. इथेही पान ब्राउझरमध्येच उघडते. पण पानावर आधीच सगळे लिहिलेले असते. मुलाने एक गाळलेली जागा भरायची. जागा बरोबर भरली की हिरवी खूण, टाळ्यांचा आवाज आणि एक तारा. वीस तारे झाले की प्रशस्तिपत्रक, त्याच्यावर मुलाचे नाव आणि कंपनीचे बोधचिन्ह. बोधचिन्ह नावापेक्षा मोठे. मी स्वतः एका रात्रीत चौतीस तारे मिळवले. सकाळी कोरे पान पुढे घेतले तेव्हा एक ओळ लिहिता आली नाही.

गाळलेल्या जागा भरायला लावण्याला माझा सरसकट विरोध नाही. मीही परीक्षेत त्या घालते. पण निबंध लिहायला कधीच न देता फक्त गाळलेल्या जागा भरवून घ्यायच्या, आणि पालकांना मुलगा लेखक झाल्याचे सांगायचे, याला काय म्हणावे? २०२० साली टाळेबंदीत मुलांच्या कोडिंगच्या जाहिरातींचा असा काही पूर आला की, एका मोठ्या कंपनीला पाच जाहिराती मागे घ्यायला भारतीय जाहिरात मानक परिषदेला सांगावे लागले. त्या काळात आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईने मंगळसूत्रातले मणी मोडावेत की काय, असे मला विचारले होते. मी तिला ‘नको’ म्हणाले. ते ‘नको’ बरोबर होते. पण त्याच ‘नको’चा कैफ मला पुढे बैठकीपर्यंत पुरला, आणि मी फुकटच्या कोऱ्या पानालाही त्याच हाताने झिडकारले.

५

आता त्या मुलीविषयी.

ती आमच्या शाळेत आठवीत होती. कोपर गावठाणातल्या आगरी घरातली. तिची आजी मासळी विकते; कधी खाडीची, कधी बाजारातून आणलेली. शनिवारचा तास बंद झाला तेव्हा या मुलीने कोणाला काही विचारले नाही. वडील रात्री घरी आले की त्यांचा फोन घेऊन ती ब्राउझरमध्ये पायथनचे पान उघडायची, आणि जे आधी शिकली होती त्याच्या आधाराने पुढे चाचपडायची. हे मला कळले ते तिने मराठीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या ओळींमुळे. मला वाटले कविता आहे. शब्द मराठी होते. पण प्रत्येक ओळ विचित्रपणे आत सरकलेली होती.

“हे काय ग?” मी विचारले.

“आजीचा हिशेब आहे, बाई. चालत नाही.”

का चालत नाही ते मला कळण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही दोघी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसलो आणि तिने मला समजावून सांगितले. त्या अर्ध्या तासात मी जे शिकले ते माझ्या या लेखाचा गाभा आहे.

पायथन भाषेतले मूळ शब्द इंग्रजी आहेत. पण २००८ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून आपण ठेवायची नावे कोणत्याही लिपीत ठेवता येतात. मुलीला हे कोणी सांगितले नव्हते. तिने सहज करून पाहिले आणि ते चालले. म्हणून तिच्या ओळींत ‘भाव’ होता, ‘वाटे’ होते, ‘उरलेले’ होते. मासळी वाट्यावर विकतात, आणि वाटा या शब्दाला इंग्रजीत सुटसुटीत शब्द नाही; तिला तो शोधावाही लागला नाही. मग तिने लिहिले, भाव बरोबर १२०. अंक देवनागरीत. आणि यंत्र अडले.

त्याने इंग्रजीत जी तक्रार केली तिचा आशय असा, की हे अक्षर इथे चालत नाही. पण तक्रारीत ते अक्षरही त्याने छापले होते, आणि युनिकोडमधला त्याचा क्रमांकही बिनचूक दिला होता, ०९६७. म्हणजे एक हा आकडा यंत्राच्या ओळखीचा होता. त्याला ओळखून, त्याचा घरक्रमांक सांगून, त्याला दारातून परत पाठवले होते. माझ्या मनात जे जे येऊन गेले ते वाचकांना सांगायला नको. मी म्हणाले, “बघ, मी म्हणतच होते. परक्याचे घर आहे ते.”

मुलगी म्हणाली, “पण बाई, आजीने टाकलं तर चालतं.”

हे पाहा कसे आहे. प्रोग्रॅम चालू असताना वापरणाऱ्याला प्रश्न विचारता येतो. एक लहान खिडकी उघडते, तीत उत्तर टाकायचे. आजीने त्या खिडकीत १२० असे देवनागरी अंक टाकले, आणि ते संख्येत बदलण्याची आज्ञा दिलेली असली, की पायथन निमूटपणे त्यांची एकशेवीस ही संख्या करतो. लिहिणाऱ्याला देवनागरी अंक वापरायची मनाई आहे, वापरणाऱ्याला नाही. ओसरीवर बसून बोलायची मुभा आहे, माजघरात मात्र यायचे नाही. बरे, बेरीज होऊन उत्तर येते ते पुन्हा इंग्रजी वळणाच्या अंकांत. आणि आजीला ते अंक वाचता येत नाहीत.

मी असते तर इथे एक खणखणीत लेख लिहिला असता. मुलीने चार ओळी लिहिल्या. शून्यापासून नऊपर्यंतचे देवनागरी अंक तिने ओळीने एका अवतरणात ठेवले. अवतरणात कोणतेही अक्षर चालते. उत्तरातला प्रत्येक इंग्रजी अंक घ्यायचा, त्या ओळीत तितक्या जागा पुढे मोजायच्या, आणि तिथे जो अंक सापडेल तो छापायचा. या चार ओळींना तिने ‘अंकपालट’ असे नाव दिले. भाव तर तिने ओळींतून काढूनच टाकला आणि आजीलाच विचारायचा ठेवला. सगळे मिळून एकोणीस ओळी. ओळी आत सरकवायला फोनच्या कळफलकावर वेगळी कळ नाही, कंस आणि अपूर्णविराम शोधायला दोनदा पडदा बदलावा लागतो. त्या अवस्थेत लिहिलेल्या एकोणीस ओळी.

स्क्रॅचमध्ये नसलेला तो विरोध इथे होता, आणि त्या विरोधातून घाट जन्मला होता. ‘अंकपालट’ ही तिची निर्मिती आहे. ती कोणी शिकवली नाही, कोणत्याही ताऱ्याने मोजली नाही. भाषेने दार लावले, आणि मुलीने त्या दाराचे माप घेऊन खिडकी केली.

६

आमचे कोपर स्टेशन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते दोन मजली आहे हे ठाऊक असेल. खाली मध्य रेल्वेची मुख्य लाइन, दिवा आणि डोंबिवली यांच्यामधली. वर वसई-दिव्याची लाइन. खाली गर्दी आणि गाड्यांचा रतीब. वर मोजक्याच गाड्या, पण त्या अगदी वेगळ्या मुलखात नेतात. दोन्ही फलाटांवर कोपरच लिहिलेले आहे. स्टेशनाचे खरे मर्म त्यांच्यामधल्या जिन्यात आहे. जिना नसेल तर ती एकमेकांच्या डोक्यावर उभी असलेली दोन परकी स्टेशने होत.

ठोकळ्यांची भाषा आणि अक्षरांची भाषा यांचे असेच आहे. मर्ढेकरांचा तिसरा नियम, समतोल, मला या जिन्यावर सापडतो. बहुतेक पानांचे दोष फलाटांचे नाहीत, जिन्याचे आहेत. ठोकळ्यांवर रमलेल्या मुलाला एके दिवशी एकदम अक्षरांपुढे उभे केले जाते, आणि चूक झाली की इंग्रजीतली तक्रार त्याच्या अंगावर येते. ती तक्रार मराठीत यावी, निदान तिच्याखाली मराठीत दोन ओळी याव्यात, हे यंत्राला मुळीच अवघड नाही. तसे कोणाला वाटले पाहिजे, एवढेच.

पवईत याचा अर्धा विचार झालेला आहे. आय. आय. टी. मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभारलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकाचे छोटे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. त्यांचे धोरण असे की, बोलणे तेवढे भाषांतरित करावे, पडदा इंग्रजीच ठेवावा. कारण नोकरीत पडदा इंग्रजीच असणार. हे धोरण व्यवहारी आहे, आणि त्याने पुष्कळांचे भले झाले असेल. पण त्याचा न बोललेला अर्थ असा होतो की, मराठीत ऐकावे आणि इंग्रजीत करावे. त्या मुलीच्या वहीत ‘वाटे’ हा शब्द कर्त्याच्या जागी बसला होता. मराठीत करता येते, हे तिने मला दाखवले.

या बाबतीत आपल्याला बाहेरून दाखले आणायची गरज नाही. माँटेसोरीची साधने परदेशातली आणि महाग होती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे अनुताई वाघांबरोबर त्या कोसबाडला गेल्या. आणि तिथे आदिवासी मुलांसाठी शिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने झाली. माँटेसोरीचे तत्त्व त्यांनी टाकले नाही; त्याला इथली माती लावली. २००७ मध्ये कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना छोटे हिरवे-पांढरे संगणक वाटण्यात आले होते; ‘दर मुलामागे एक संगणक’ या जागतिक योजनेतला आपल्या देशातला तो पहिला प्रयोग. यंत्र डोंगरापर्यंत पोचवता येते, हे त्याने सिद्ध केले. पण यंत्र पोचणे आणि कोसबाडला जे घडले ते घडणे, यांत अंतर आहे. ते अंतर शिक्षकाने चालून जायचे असते, आणि मी तर वाटेत आडवी पडले होते.

७

चुलीचा प्रश्न राहिला आहे.

आमच्या शनिवारच्या तासाची मुले ज्या मोफत जागेवर लिहीत असत, ती जागा एका कंपनीची होती. तास बंद झाल्यावर काही महिन्यांनी कंपनीने शाळांसाठीची मोफत सोय काढून घेतली. सूचना आली असणार. ती ज्या पत्त्यावर आली तो शिक्षक तोवर दुसऱ्या शाळेत गेला होता. मुलांनी दोन वर्षांत केलेले सगळे गेले. एका मुलाने लोकलच्या गर्दीचा खेळ केला होता म्हणे. दाराशी लटकणाऱ्यांना आत ओढायचे. तो मी पाहिला नव्हता. आता पाहता येणार नाही. हस्तलिखित हरवणे म्हणजे काय ते मला माहीत आहे, म्हणून हे मला लागले. तास चालू असता तर शिक्षक राहिला असता, सूचना वाचली गेली असती. तेव्हा या नुकसानीत माझाही वाटा आहे.

तंत्र जाते, कृती राहावी लागते. फ्लॅश नावाचे तंत्र २०२० अखेर बंद पडले, आणि त्याच्यावर रचलेले कितीतरी खेळ ब्राउझरांतून नाहीसे झाले. स्क्रॅचची आधीची आवृत्ती फ्लॅशवरच उभी होती. पण तिच्या कर्त्यांनी आधीच नवी इमारत बांधून ठेवली होती. मुलांच्या जुन्या कृती नव्या घरात चालल्या. शिवाय स्क्रॅचची कृती फाइल म्हणून आपल्याकडे उतरवून ठेवता येते. टीकाकार म्हणून मी या गोष्टीला फार वरचे गुण देईन. मुलाच्या लेखनाची जो जपणूक करतो तो त्याला लेखक मानतो. जो तारे देतो आणि लेखन आपल्या कुलपात ठेवतो, तो त्याला गिऱ्हाईक मानतो.

मी संस्थेला लेखी मत दिले. कंपनीचा अभ्यासक्रम घेऊ नये. शनिवारचा तास पुन्हा सुरू करावा. सहावीपर्यंत स्क्रॅच, पुढे ब्राउझरमधला पायथन, आणि सातवीचे वर्ष जिन्याचे. एकच कृती आधी ठोकळ्यांत करावी, मग अक्षरांत. यंत्राच्या तक्रारींचे मराठी तक्ते मुलांकडूनच करून भिंतीवर लावावेत. ते काम मराठीच्या शिक्षिकेने घ्यावे. आणि प्रत्येक मुलाने आपली पुरी झालेली कृती दोनशे पानी वहीत हाताने उतरवून ठेवावी. शेवटच्या कलमाला सहकारी हसले. हसू देत. त्या मुलीच्या एकोणीस ओळी आज शाबूत आहेत त्या वहीमुळेच. खाली मी हेही लिहिले की, दोन वर्षांपूर्वीचे माझे मत अज्ञानाचे होते आणि ते मी मागे घेते. निर्णय हा अंक निघेपर्यंत झालेला असेल.

८

एक शंका उरते, आणि ती मला बैठकीतच विचारण्यात आली. २०२२ च्या अखेरीपासून प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे लोकांच्या हातात आली आहेत. साध्या मराठीत सांगितले तरी त्या एकोणीस ओळी ती क्षणात लिहून देतील. मग मुलांनी कशाला शिकावे?

याचे उत्तर मी मुलीच्या आजीवर सोपवते.

मुलीचा हिशेब चालू लागल्यावर एके संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले होते. सहा वाटे होते. चार एकशेवीसने गेले, उरलेले दोन शंभराने. आजीने बोटाने अंक टाकले आणि पडद्यावर देवनागरीत ६८० आले. आजी काही बोलली नाही. तिने तो आकडा तोंडाने पुन्हा मोजून पाहिला आणि मान हलवली. मुलीला याच्या पुढे जायचे होते. भाव केव्हा उतरवायचा तेही यंत्रानेच सांगावे, अशी तिची इच्छा. म्हणून तिने आजीला विचारले, “आजी, तू भाव कधी उतरवतेस? किती वाजता?”

आजी म्हणाली, “गिऱ्हाईक बघून.”

मुलीने वही मिटली. मला वाटले ती हिरमुसली. दुसऱ्या दिवशी तिने मला दाखवले, तिने फक्त एक बदल केला होता. प्रत्येक वाट्याच्या आधी यंत्र आता थांबते आणि आजीला विचारते, ‘आता भाव काय?’

कोणते यंत्र सांगितल्याबरोबर ओळी लिहून देईल, हे मला कळते. पण कुठे स्वतः ठरवायचे आणि कुठे थांबून विचारायचे, हा निर्णय त्या मुलीने घेतला. आणि तो तिला घेता आला, कारण ओळी तिच्या होत्या, शब्द तिचे होते आणि आजीही तिची होती. ‘गिऱ्हाईक बघून’ या दोन शब्दांत जे काही येते, गिऱ्हाइकाची पिशवी, त्याचा चेहरा, महिन्याची अखेर, कडेवरचे पोर, ते सगळे कादंबरीचे क्षेत्र आहे. वीस वर्षे मी तिथे कामाला आहे. त्या क्षेत्राची सीमा कुठे सुरू होते, ते मला आठवीतल्या एका मुलीने फोनच्या पडद्यावर नेमके आखून दाखवले. ज्या लेखनसाहित्यात हे घडू शकते त्याला मी न वाचताच घोकंपट्टी म्हटले होते.

‘मराठी कादंबरीतली शाळा’ हा लेख मी पुढल्या वर्षी देईन. त्याच्या टिपणांत आता एक भर पडली आहे.